चित्रे नेली, शंका राहिली
फ्रेंच विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या कॉमिक्सचा आढावा

1983 साली 'पिलोत' या फ्रेंच नियतकालिकात ज्याँ-क्लोद मेझिएर या चित्रकाराचे एक खट्याळ चित्र छापून आले. जागा परग्रहावरच्या गुत्त्याची. भोवती सोंडांची, खवल्यांची, शिंगांची गिऱ्हाइके. त्या गर्दीत 'स्टार वॉर्स'मधले ल्यूक आणि लेया बसले आहेत आणि समोर मेझिएरची स्वतःची जोडी, व्हालेरियाँ आणि लोरलीन. तुम्ही इथे भेटाल असे वाटले नव्हते, असे लेया म्हणते. त्यावर लोरलीन सांगते की आमचे इथे येणेजाणे फार जुने आहे.

'स्टार वॉर्स' पडद्यावर आला 1977 मध्ये. व्हालेरियाँ त्याच्या दहा वर्षे आधी, 1967 मध्ये, 'पिलोत'च्याच पानांवर अवतरला होता. चकतीसारखे यान, शिरस्त्राणाआड दडवलेले होरपळलेले चेहरे, परजिवांनी गजबजलेले बाजार ही साम्ये फ्रेंच वाचकांनी केव्हाच टिपली होती. मेझिएर कोर्टाची पायरी चढला नाही. त्याने चित्र काढले.

फ्रेंच विज्ञान-कॉमिक्सकडे पाहताना मला हा गुत्ता नेहमी आठवतो. जगाने या कॉमिक्समधून पुष्कळ नेले. याने, नगरे, वाळवंटे, चिलखते, आकाशातल्या रहदारीचे मजलेच्या मजले नेले. पण त्या चित्रांच्या पोटात एक शंका होती. साम्राज्याबद्दलची, प्रगतीबद्दलची, खुद्द नायकाबद्दलची. ती न्यायला फारसे कोणी उत्सुक नव्हते. या परंपरेचे खरे मोल त्या शंकेत आहे असे मला वाटते, आणि तिचे सर्वांत दुबळे काळ तेच, जेव्हा ही शंका तिची तीच विसरली.

आधी नावाचे पाहू. फ्रेंचमध्ये कॉमिक्सला 'बांद देसिने' म्हणतात, म्हणजे चित्रपट्टी. बोलताना नुसते 'बेदे'. 1960 च्या दशकापासून तिला 'नववी कला' असा मान आहे. मोठ्या आकाराचा, पुठ्ठ्याच्या बांधणीचा, बहुधा 48 पानांचा रंगीत 'आल्बम' हे तिचे रूढ रूप. आणि 'फ्रेंच' हा शब्द इथे देशापेक्षा भाषेला जास्त लागू आहे. या घरात बेल्जियन, स्विस, चिलीचे, युगोस्लाव्हियाचे, ब्राझीलचे लोक सुखाने नांदले आहेत.

जमीन कशी होती

ज्यूल व्हर्नची ओळख मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको, भा. रा. भागवतांनी तो कधीच आपल्या घरात आणून बसवला आहे. व्हर्नच्याच काळात आल्बेर रोबिदा हा व्यंगचित्रकार भविष्य रेखाटत होता. 1883 च्या 'विसावे शतक' या पुस्तकात त्याने 1952 सालचे पॅरिस दाखवले. छपरांवर हवाई टॅक्स्या उतरतात आणि 'टेलिफोनोस्कोप' नावाच्या यंत्रावर लोक घरबसल्या नाटके पाहतात. व्हर्नला यंत्र कसे चालेल याची उत्सुकता होती. त्या यंत्रापुढे बसलेला माणूस किती हास्यास्पद दिसेल, हे रोबिदाने पाहिले. पुढच्या चित्रकारांकडे वारशाने आला तो रोबिदाचा डोळा.

1934 साली 'मिकीचे मासिक' निघाले आणि फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रमालिकांचा पूर आला. फ्लॅश गॉर्डन आला, जादूगार मँड्रेक आला. याच मंडळींना पुढे 'इंद्रजाल कॉमिक्स'ने मराठी घरांत पोचवले, तेव्हा एका अर्थी फ्रेंच आणि मराठी पोरांचे खाद्य सारखेच होते. फरक पडला तो युद्धामुळे. जर्मन ताब्यात अमेरिकन मालिकांवर बंदी आली आणि देशी हातांना जागा मोकळी झाली. ब्रसेल्समध्ये एडगर जेकब्स याने फ्लॅश गॉर्डनची बंद पडलेली पाने आधी स्वतः पुरी केली आणि मग 1943 मध्ये 'यू किरण' ही आपली मालिका सुरू केली. युद्ध संपताच डिसेंबर 1945 मध्ये, कम्युनिस्टांशी जोडलेल्या 'व्हायाँ' या मुलांच्या नियतकालिकात, रोजे लेक्युरो आणि रेमों पोइव्हे यांची 'आशेचे अग्रदूत' ही अंतराळमालिका आली. तिच्यातल्या यानावरची माणसे वेगवेगळ्या खंडांतली, वेगवेगळ्या वर्णांची होती. युद्धात होरपळलेल्या देशाचे ते स्वप्न होते.

त्याच देशाने 16 जुलै 1949 रोजी मुलांच्या प्रकाशनांवर पहारा बसवणारा कायदाही केला. कम्युनिस्ट आणि कॅथलिक या एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन गटांचे यावर एकमत झाले, कारण अमेरिकन कॉमिक्सची धास्ती दोघांनाही होती. एखादे पुस्तक अल्पवयीनांना विकण्यास, दुकानात दर्शनी मांडण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. कॉमिक्स ही मुलांचीच गोष्ट, असे एकदा कायद्याने ठरल्यावर मोठ्यांसाठी ती काढणे हे आपसूकच बंड ठरले.

ते बंड पहिल्यांदा यशस्वी केले ज्याँ-क्लोद फोरे याने. त्याची 'बार्बारेला' 1962 मध्ये एका मासिकात आली आणि 1964 मध्ये एरिक लोसफेल्ड या धाडसी प्रकाशकाने तिचा आल्बम काढला. अंतराळात एकटी भटकणारी, आपल्या शरीराची आणि मर्जीची मालकीण असलेली ही बाई कायद्याला मानवली नाही. पुस्तकावर निर्बंध आले. 1968 मध्ये रोजे व्हादिमने जेन फोंडाला घेऊन सिनेमा काढला तेव्हा ती जगभर पोचली. आज पाहता बार्बारेलाचे कथानक विरळ वाटते. पण मोठ्यांनी कॉमिक्स वाचायला हरकत नाही, हे तिने सिद्ध केले.

शेतकऱ्याची पोर आणि आकाशगंगेचे साम्राज्य

'पिलोत' हे साप्ताहिक ऑक्टोबर 1959 मध्ये निघाले. त्यातल्या अ‍ॅस्टेरिक्सची ख्याती आपल्याकडेही आहे. अ‍ॅस्टेरिक्सचा लेखक आणि पुढे 'पिलोत'चा संपादक झालेला रने गोसिनी नव्या हातांना वाव देणारा होता. त्याने 1965 मध्ये फ्रेडच्या 'फिलेमों'ला जागा दिली. खेड्यातला हा लांबुडका पोरगा विहिरीत पडतो आणि निघतो तो थेट अटलांटिक महासागरातल्या एका बेटावर. ते बेट म्हणजे नकाशावर छापलेल्या 'अटलांटिक महासागर' या अक्षरांतले पहिले अक्षर! नकाशावरची अक्षरे ही खरीच बेटे आहेत, ही एवढीच कल्पना, आणि तिच्यावर फ्रेडने अनेक आल्बम तोलले.

याच साप्ताहिकात मेझिएर आणि लेखक पिएर क्रिस्ताँ आले. दोघांचा जन्म 1938 चा. दोघे भेटले ते लहानपणी, युद्धात बॉम्बच्या भीतीने तळघरात लपताना. पुढे क्रिस्ताँ अमेरिकेत युटाला शिकवायला गेला, तर मेझिएर गुराखी व्हायचे वेड डोक्यात घेऊन तिकडच्याच रानांत घोड्यावर हिंडत होता. तिथे दोघांनी मिळून पहिली चित्रकथा रचली. दोघेही परतले आणि व्हालेरियाँ जन्माला आला.

व्हालेरियाँ हा 28 व्या शतकातल्या गॅलॅक्सिटी या राजधानीचा हरकाम्या. काळ आणि अवकाश ओलांडून साम्राज्याची कामे करतो, हुकूम पाळतो, देखणा आहे आणि थोडा मठ्ठ आहे. पहिल्याच गोष्टीत त्याला अकराव्या शतकातल्या फ्रान्सच्या जंगलात लोरलीन ही शेतकरी पोर भेटते. ती एका गोष्टीपुरतीच होती, पण वाचकांना इतकी भावली की राहिली. पुढे होता होता मालिकेचा मेंदू तीच झाली. व्हालेरियाँ हुकूम वाचतो, लोरलीन विचारते, 'हुकूम देणारा कोण?' 2007 मध्ये मालिकेच्या नावातच तिचे नाव जोडले गेले. न्याय व्हायला चाळीस वर्षे लागली.

क्रिस्ताँ बोर्दोत पत्रकारिता शिकवत असे, आणि ते त्याच्या प्रत्येक गोष्टीत दिसते. 1970 च्या आल्बममध्ये अणुस्फोटाने ध्रुवाचा बर्फ वितळून 1986 सालचे न्यूयॉर्क पाण्याखाली गेलेले दिसते. 'आल्फलोलोलवर स्वागत' ही तर माझ्या मते या मालिकेची सर्वांत टोकदार कथा. एका ग्रहाचे दीर्घायुषी मूळ रहिवासी फेरफटका मारून घरी परततात. तोवर माणसांनी त्यांच्या ग्रहावर कारखाने उभारलेले असतात. मालक परत आल्यावर मालकांचे काय करायचे? त्यांना राखीव भागात हलवतात, शिस्त लावू पाहतात. धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून द्यावी लागणार नाही. ही कथा 1970 च्या दशकाच्या आरंभीची, आणि ती पोरासोरांच्या साप्ताहिकात हसतखेळत छापली गेली.

क्रिस्ताँचे धाडस याहून मोठे. 1980 च्या दशकाच्या मध्यावर त्याने गॅलॅक्सिटीच नाहीशी करून टाकली. काळाचा धागा बदलला, साम्राज्य कधी झालेच नाही, आणि त्याचे दोन नोकर बेवारशी होऊन पोटापाण्याची कामे शोधत विश्वात फिरू लागले. लोकप्रिय मालिकेचा पायाच लेखकाने खणून काढावा, असे उदाहरण विरळा. 2017 मध्ये ल्युक बेसाँने या मालिकेवर भव्य सिनेमा काढला. त्यात मेझिएरचे हजार ग्रह झळाळून उठले. लोरलीनचा खवचटपणा मात्र पातळ झाला.

किंकाळणारा धातू

मे 1968 च्या विद्यार्थी-कामगार उठावानंतर 'पिलोत'चे तरुण चित्रकार अस्वस्थ होते. संपादक चांगला असला तरी संपादकच. एकेक गट बाहेर पडून आपले नियतकालिक काढू लागला. डिसेंबर 1974 मध्ये ज्याँ-पिएर दियोने, फिलिप द्रुइये, मोबियस आणि हिशेब सांभाळणारा बेर्नार फार्कास या चौघांनी 'लेझ्युमानोइद झासोसिए' ही प्रकाशनसंस्था थाटली आणि पाठोपाठ त्रैमासिक काढले: 'मेताल युर्लां', म्हणजे किंकाळणारा धातू.

द्रुइयेचे पान पहिल्यांदा उघडणाऱ्याला भोवळ येते. चौकटी नावाची शिस्तच तो मोडून टाकतो. दोन पानांवर पसरलेली मंदिरे, किल्ल्याएवढी जहाजे, शेजारी मुंगीएवढा माणूस. 'लोन स्लोन' या त्याच्या भटक्याला उद्देश नाही, घर नाही. 1975 मध्ये द्रुइयेची पत्नी कर्करोगाने गेली. त्या शोकात त्याने 'रात्र' हा आल्बम काढला. त्यातल्या टोळ्या मृत्यूकडे धावत सुटतात आणि कोणी वाचत नाही. कथेत मला द्रुइये अनेकदा कच्चा वाटतो, संवाद तर कंठाळी. पण दुःखाचे रूप इतके अवाढव्य काढता येते, हे त्याच्यामुळे कळले. पुढे त्याने फ्लोबेरच्या 'सालांबो'ला अंतराळात नेले.

आणि मोबियस. खरे नाव ज्याँ जिरो, जन्म 1938, मृत्यू 2012. तारुण्यात मेक्सिकोत काही महिने राहिला आणि तिथले वाळवंट आयुष्यभर डोळ्यांत घेऊन फिरला. 1963 पासून 'ब्ल्यूबेरी' ही अमेरिकन पश्चिमेची वास्तववादी मालिका तो शार्लिए या लेखकाबरोबर काढत होता. तिथे घोड्याच्या खोगिराचा प्रत्येक पट्टा खरा असे. 'मोबियस' हे टोपणनाव घेतले की तोच हात मोकाट सुटे. एक माणूस, दोन सह्या. दिवसाची आणि स्वप्नाची.

1975 मध्ये 'आर्झाक' आला. दगडी वाटणाऱ्या पक्ष्यावर बसून एक टोपीवाला स्वार उजाड प्रदेशावरून उडतो. संवाद नाहीत, निवेदन नाही, नावाचे स्पेलिंगसुद्धा दर वेळी वेगळे. इथे तंत्राची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तोवरच्या रिवाजात पान काळ्या शाईने पुरे होई, मग त्याच्या फिकट छापावर रंग वेगळे भरले जात, बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाकडून. मोबियसने रंग थेट मूळ पानावर चढवले. याला 'थेट रंग' म्हणतात. रंग आता रेषेचा नोकर राहिला नाही. प्रकाश, हवा, धूळ हे सारे कथेतली पात्रे झाले. तोच रस्ता एन्की बिलाल या चित्रकाराने पुढे नेला.

1976 पासून मोबियसने 'हवाबंद गॅरेज' सुरू केले. एका वेळी दोन-तीन पाने, पुढे काय होणार याचा आराखडा नाही, मागच्या खेपेला काय झाले ते आठवेल तेवढेच. आपल्या कीर्तनकाराने पूर्वरंगातच आख्यान विसरावे आणि तरी श्रोत्यांना रात्रभर बसवून ठेवावे, तसा हा प्रकार. यातले सगळेच साधले आहे असे म्हणताना प्रामाणिकपणा आड येतो. काही पाने नुसती भरकटतात. पण कॉमिक्सने नाटकासारखे अंक पाडून चालायलाच हवे, ही समजूत त्याने मोडीत काढली.

'मेताल युर्लां' 1987 मध्ये बंद पडले. मधल्या काळात, 1977 मध्ये, त्याचे अमेरिकन भावंड 'हेवी मेटल' निघाले, आणि त्याची पाने लंडन, लॉस एंजेलिस, टोकियोच्या चित्रकारांच्या टेबलांवर पडून राहिली. कात्सुहिरो ओतोमो, हायाओ मियाझाकी या जपानी कलावंतांनी मोबियसचे ऋण मानले आहे. मोबियसने आपल्या मुलीचे नाव मियाझाकीच्या नायिकेवरून नौसिका ठेवले, आणि 2004 च्या अखेरीस पॅरिसच्या टांकसाळीत दोघांचे एकत्र प्रदर्शन भरले.

न झालेल्या सिनेमाची संतती

1970 च्या दशकाच्या मध्यावर चिलीत जन्मलेला दिग्दर्शक आलेहांद्रो जोदोरोव्स्की पॅरिसमध्ये 'ड्यून' कादंबरीवर सिनेमा करू पाहत होता. मोबियसने त्यासाठी प्रसंगांची हजारो रेखाचित्रे काढली. स्विस चित्रकार गीगर आणि अमेरिकन लेखक डॅन ओबॅनन हेही त्या चमूत होते. पैसा उभा राहिला नाही, सिनेमा बारगळला. पण मंडळी विखुरली ती बीज घेऊन. ओबॅननने 'एलियन' लिहिला. गीगर आणि मोबियस दोघांनीही त्यासाठी आरेखने केली.

'ड्यून'च्या रिकाम्या वेळात ओबॅननने मोबियसला एका खासगी गुप्तहेराची छोटी कथा लिहून दिली होती. 'द लाँग टुमॉरो' ही ती कथा 1976 मध्ये छापली गेली. तिच्यातले शहर जमिनीत खोल खोल उतरत जाते. वर श्रीमंत, खाली गाळ. रिडली स्कॉटने 'ब्लेड रनर'च्या नगराला या चित्रांचा आधार असल्याचे उघड सांगितले आहे. बेसाँच्या 'फिफ्थ एलिमेंट'साठी, 1997 मध्ये, तर मोबियस आणि मेझिएर दोघांनाही कामाला घेतले होते. आज पडद्यावर भविष्यातले शहर दिसले की ते साधारण असेच दिसते. उंच, दाटलेले, गंजलेले, मध्ये उडत्या गाड्या. आपल्याला ते 'हॉलीवूडचे' वाटते, इतके ते मूळ हातांपासून तुटले आहे.

जोदोरोव्स्की आणि मोबियस यांनी 'ड्यून'चे उरलेले सारे 'लिंकाल'मध्ये ओतले. 1980 ते 1988, सहा आल्बम. जॉन डिफूल हा चौथ्या दर्जाचा गुप्तहेर. भित्रा, बाईवेडा, दारुडा. त्याच्या हाती विश्वाचे भवितव्य ठरवणारे स्फटिक येते आणि तो सहा आल्बमभर एकच प्रार्थना करत राहतो, की हे लचांड दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडो. शेवटी सारे ब्रह्मांड वाचवून तो पुन्हा तिथेच पडतो जिथून सुरुवात झाली होती. जोदोरोव्स्कीच्या टॅरो-अध्यात्माचा मारा मला जड जातो. पण नायक म्हणून भेकड मनुष्य निवडण्यात जी अक्कल आहे, ती सिनेमाने कधीच उचलली नाही. तिथे जॉन डिफूलला पहिल्या अर्ध्या तासात शूर व्हावेच लागले असते.

राजकारण, रेल्वे आणि नगररचना

एन्की बिलाल 1951 मध्ये बेलग्रेडला जन्मला आणि लहानपणीच पॅरिसला आला. त्याच्या निकोपोल-त्रयीतला पहिला आल्बम 1980 चा, कथा 2023 सालच्या पॅरिसची. शहरावर फासिस्टांची सत्ता आहे आणि वर आकाशात प्राचीन इजिप्तच्या देवांचा पिरॅमिड तरंगतो आहे. इंधन संपल्याने देव हुकूमशहाशी घासाघीस करत बसले आहेत! बिलालचे राखाडी-निळे रंग, सोललेल्या भिंती, थिजलेले चेहरे यांची नक्कल पुढे शेकड्यांनी झाली. 1992 च्या तिसऱ्या आल्बममध्ये त्याने बुद्धिबळ आणि मुष्टियुद्ध यांचा एकत्र खेळ कल्पिला. 2003 मध्ये एका डच कलावंताने तो खरोखरच रिंगणात उतरवला, आणि आता त्याच्या स्पर्धा भरतात. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बिलालने स्मृती आणि द्वेष यांवर नवी मालिका रचली. तिथे त्याचे भविष्यकथन वैयक्तिक झाले.

'ल त्रांस्पेर्सनेज', म्हणजे बर्फ भेदून जाणारी, हिची कथा जन्मापासूनच खडतर. लेखक जाक लोब. पहिला चित्रकार आलेक्सिस 1977 मध्ये अकाली गेला. मग ज्याँ-मार्क रोशेत आला आणि 1984 मध्ये आल्बम झाला. गोठलेल्या पृथ्वीवर 1001 डब्यांची आगगाडी न थांबता धावते. पुढे श्रीमंत, शेपटीला भुकेले. लोब 1990 मध्ये वारला. बऱ्याच वर्षांनी बोंग जून-हो या दिग्दर्शकाला सोलमधल्या एका कॉमिक्सच्या दुकानात हे पुस्तक सापडले आणि 2013 मध्ये 'स्नोपिअर्सर' पडद्यावर आला. माझ्या सूत्राला हा ठळक अपवाद. इथे चित्राबरोबर शंकाही गेली, आणि ती नेली एका कोरियन माणसाने.

बेल्जियन चित्रकार फ्रांस्वा स्कुइतेन आणि फ्रेंच लेखक बन्वा पेतेर्स यांची 'अंधूक नगरे' ही मालिका 1980 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली. हिच्यात नायक म्हणजे वास्तू. 'युर्बिकांदचा ताप' या आल्बममध्ये नगररचनाकाराच्या टेबलावरचा एक पोकळ घन वाढू लागतो, भिंती भेदून शहरभर पसरतो, आणि सरकारने तोडून ठेवलेले नदीचे दोन काठ लोक त्याच्यावरून चालत जोडतात. पॅरिसला गेलात तर 'आर ए मेतिए' हे मेट्रो स्थानक पाहा. 1994 मध्ये स्कुइतेनने त्याला तांब्याने मढवून व्हर्नच्या पाणबुडीचे रूप दिले. गाडीची वाट पाहणारा रोजचा प्रवासी तिथे कॉमिक्सच्या आत उभा असतो.

अद्भुताची बाजू

विज्ञानकथा बहरत असताना अद्भुतकथा मागे होती. ती पुढे आली 1983 मध्ये. सर्ज ल ताँद्र आणि रेजी लुआझेल यांच्या 'कालपक्ष्याचा शोध' या चौपदरी कथेचा पहिला आल्बम त्या वर्षी आला, शेवटचा 1987 मध्ये. म्हातारा होत चाललेला योद्धा, एक फटकळ तरुणी, शंखात कोंडलेला दुष्ट देव. सांगाडा 'चांदोबा'तल्या कुठल्याही गोष्टीसारखा. पण शेवटाला लेखक सारा शोधच उलटा करून दाखवतो, आणि मिळवले काय, या प्रश्नापाशी वाचकाला एकट्याला सोडतो. तो शेवट मी सांगणार नाही. चौथा आल्बम मिटल्यावर पहिला पुन्हा उघडावा लागतो, एवढेच.

1994 मध्ये तुलोंच्या 'सोलेय' प्रकाशनाने क्रिस्तोफ आर्लस्तों आणि दिदिए तार्काँ यांचा 'त्रॉयचा लान्फस्त' काढला. त्रॉय जगात प्रत्येकाला एक लहानशी जादू येते. कुणी पाणी गोठवतो, कुणी खाज शमवतो. लान्फस्त नजरेने धातू वितळवतो. कल्पना झकास, विनोद चुरचुरीत, खप अफाट. आणि इथूनच घसरण लागली. उपमालिका, पूर्वकथा, नव्या पिढीच्या कथा. दर वर्षी ठरल्या वेळी 48 पाने. मुखपृष्ठावर अपुऱ्या कपड्यांतली तरुणी. शंका संपली की उरतो तो साचा.

त्यावर उतारा आला विडंबनातून. जोआन स्फार आणि लुईस त्रोंदेम यांनी 1998 मध्ये 'दोंजों', म्हणजे गढी, सुरू केली. इथे गढी म्हणजे धंदा आहे. खजिन्याच्या आशेने वीर येतात, पगारी राक्षस त्यांना मारतात, वीरांची पुंजी मालक ठेवून घेतो. नायक एक घाबरट बदक, त्याचा मित्र शाकाहारी ड्रॅगन. थट्टेत सुरू झालेल्या या मालिकेने गढीचा उदय, भरभराट आणि अस्त असे तीन काळ मांडले, आणि वेगवेगळ्या चित्रकारांकडून आल्बम काढून घेतले. हसता हसता वाचक सत्तेच्या सडण्याचा इतिहास वाचून जातो.

ज्यांना जागा मिळाली नाही

या सबंध लेखात लेखक-चित्रकार म्हणून पुरुषांचीच नावे आली, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. ते या परंपरेचे मोठे लांच्छन आहे. मोठ्यांसाठीच्या कॉमिक्सने स्वातंत्र्य मिळवले आणि पहिला उपयोग केला तो बाईचे कपडे उतरवण्यासाठी. 1976 मध्ये 'मेताल युर्लां'च्याच संस्थेतून 'आ! नाना' हे बायकांनी चालवलेले नियतकालिक निघाले. नऊ अंक झाले. 1978 मध्ये तेच 1949 चे कलम त्याच्यावर लागले, अल्पवयीनांना विक्रीबंदी झाली, आणि ते मिटले. पुरुषांच्या मासिकांतली नग्न चित्रे त्याच काळात बिनघोर विकली जात होती.

शांताल मोंतलिए हिच्या पोलिसी राज्याच्या थंड, काळ्या-पांढऱ्या कथा बिलालच्या तोडीच्या आहेत. निकोल क्लाव्हलू हिने 1970 च्या दशकात 'हिरवा हात'मध्ये बोलणारी झाडे आणि खिन्न पक्षी यांना असे आम्लासारखे रंग दिले, की मोबियसची वाळवंटे त्यापुढे शहाणी वाटावीत. ती अनेक दशके विस्मृतीत गेली. नव्या आवृत्तीनंतर, 2020 मध्ये, आंगुलेमच्या कॉमिक्स-महोत्सवाने तिच्या त्या कथांना वारसा-पुरस्कार दिला. त्याच महोत्सवाने 2016 मध्ये सर्वोच्च सन्मानासाठी 30 नावे सुचवली होती आणि त्यात एकही बाई नव्हती. अनेक नामांकित चित्रकारांनी आपली नावे मागे घेतली, तेव्हा यादीची पद्धतच गुंडाळावी लागली.

आज

गेल्या काही वर्षांत फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या कॉमिक्सच्या प्रतींत निम्म्याहून अधिक वाटा जपानी मांगाचा झाला. नियतकालिके जवळपास संपली, म्हणजे नव्या हाताला चुका करायला मिळणारी जागाही संपली. 2016 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या निम्म्याहून अधिक चित्रलेखकांची वार्षिक कमाई किमान वेतनाखाली होती. नववी कला म्हणून गौरव होतो, 2024 मध्ये पाँपिदू केंद्रात भव्य प्रदर्शन भरते, आणि ती काढणारा भाड्याच्या चिंतेत असतो.

तरी झाड वठलेले नाही. मात्य बाब्लेच्या 'कार्बन आणि सिलिकॉन'मध्ये, 2020, दोन यंत्रमानव शतकानुशतके माणसाचा ऱ्हास पाहत भटकतात. युगो बियाँव्हन्यूच्या 2019 च्या 'प्रेफेरांस सिस्तेम'मध्ये साठवणीची जागा पुरत नाही म्हणून शासन जुन्या कलाकृती पुसून टाकते आहे, आणि एक कारकून त्या चोरून आपल्या यंत्रदाईच्या स्मृतीत दडवतो. याच बियाँव्हन्यूच्या 'आर्को' या सिनेमाने 2025 मध्ये आनेसीच्या अ‍ॅनिमेशन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला. क्रिस्ताँने विचारलेला प्रश्न, हुकूम देणारा कोण, या तरुणांनी यंत्राला विचारायला घेतला आहे.

माझा निवाडा असा. या परंपरेतला बराच भाग कथेच्या अंगाने कच्चा आहे, बायकांच्या बाबतीत अन्यायी आहे, आणि मालिकांच्या लोभाने फुगला आहे. पण तिच्या उत्तम दहा-पंधरा पुस्तकांत भविष्याकडे पाहण्याची जी रीत आहे ती दुसरीकडे क्वचित मिळते. देखाव्याला भुलायचे, आणि त्याच क्षणी त्या देखाव्याचा मालक कोण ते विचारायचे. सिनेमा पाहून ही पुस्तके पाहिल्यासारखे वाटते. ते खरे नव्हे.

यातली बरीच पुस्तके इंग्रजीत मिळतात. सुरुवात व्हालेरियाँपासून केली तर हसत आत शिराल. 'कालपक्ष्या'पासून केली तर रात्र जाईल. मला विचाराल तर 'आर्झाक' आधी घ्या. त्याच्या पानांवर एकही संवाद नाही, त्यामुळे ते मराठी वाचकाला पॅरिसच्या वाचकाइतकेच कळते, किंवा तितकेच कळत नाही.